गोधडीचे वय कोणत्या धाग्यावरून ठरवावे?

आमच्या आजोळी ट्रंकेत जपून ठेवलेली एक गोधडी आहे आणि ती पणजीच्या लग्नाच्या वेळची आहे, असे घरात सर्वजण सांगतात. हे सांगणे खोटे नसेल. परंतु गोधडीला एकच एक वय नसते, ही गोष्ट त्यात निसटून जाते. लुगडे आधी वर्षानुवर्षे नेसले जाते, विरल्यावर ते गोधडीत जाते आणि पुढे जिथे फाटेल तिथे नवे ठिगळ बसत राहते. म्हणून वस्त्रांचे अभ्यासक प्रथम एवढेच ठरवतात की, जोडणीच्या वेळी वापरलेल्या सर्वांत नव्या कापडाहून किंवा दोऱ्याहून गोधडी जुनी असू शकत नाही. तो नवा तुकडा मूळचा की नंतरच्या डागडुजीतला, हे ओळखण्यातच खरा कस लागतो.

आमच्या गोधडीचा एक कोपरा उसवलेला आहे. वर खणाचा तुकडा, त्याखाली विटलेला इरकली काठ आणि आत मऊ पडलेले धोतर असे थर तिथे दिसतात. या सर्वांना बांधून ठेवणारा धावदोरा हा पहिला साक्षीदार होय. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, तर पॉलिस्टरचा तंतू गुळगुळीत दांडीसारखा. पॉलिस्टरचा शोध १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये लागला. त्यामुळे सगळी शिवण त्या दोऱ्याची असेल, तर गोधडी त्याआधीची असणे शक्यच नाही. सुटलेल्या दोऱ्याचे टोक चिमट्यात धरून जाळले, तरी फरक कळतो: सुती दोरा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी बनते.

रंगांची साक्ष याहून बोलकी असते, विशेषतः तांबड्या रंगाची. मंजिष्ठेच्या मुळांत पुरपुरिन आणि त्याच्या जातीची अनेक रंगद्रव्ये एकत्र असतात, तर बारतोंडीच्या, म्हणजे आलाच्या, मुळातील मुख्य रंगद्रव्य मोरिंडोन हे असते. युरोपीय मंजिष्ठेतील अलिझारिन मात्र रसायनशास्त्रज्ञांनी १८६८ मध्ये प्रयोगशाळेत बनवले आणि थोड्याच वर्षांत त्याने मुळांची शेती बुडवली. काही मिलिमीटर धागा द्रावकात भिजवून क्रोमॅटोग्राफीने त्यातील घटक वेगळे केले, की ही मिश्रणे ओळखता येतात. कृत्रिम नीळ १८९७ पासून बाजारात आली, पण तिचा मुख्य रेणू नैसर्गिक निळीतलाच असल्यामुळे निळ्या तुकड्यावरून काळ ठरवणे फार अवघड जाते. लोखंड आणि हिरडा यांपासून केलेला काळा रंग तर सूतच खाऊन टाकतो. जुन्या छापील कापडात काळ्या रेघांच्या जागी भोके दिसतात ती यामुळेच.

अतिनील दिव्याखाली निळसर चमकणारा धागा पाहून घाई करू नये. ही चमक देणारी, शुभ्रता वाढवणारी रसायने १९४० च्या दशकापासून प्रचारात आली, हे खरे. परंतु ती आजच्या धुण्याच्या पावडरीतही असतात आणि एका धुण्यातच शंभर वर्षांच्या सुतालाही चिकटतात.

सुतातील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण मोजून वय काढणाऱ्या कार्बन-१४ चाचणीबद्दल अनेकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. १६५० ते १९५० या काळात वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण असे वरखाली होत राहिले की, एकाच मोजणीतून दूरदूरच्या अनेक तारखा संभवतात. १९५५ नंतर मात्र अणुचाचण्यांमुळे हे प्रमाण झपाट्याने वाढले, १९६० च्या दशकात उत्तर गोलार्धात जवळजवळ दुप्पट झाले आणि मग घटत गेले. कापसाचे बोंड त्याच हंगामातील हवेतून कार्बन घेते, म्हणून १९५५ नंतरच्या सुताचे वय मोजक्या वर्षांच्या फरकाने सांगता येते. पणजीच्या काळापेक्षा आईच्या काळातली गोधडी अधिक नेमकी मोजता यावी, ही या चाचणीची मला फार विलक्षण वाटणारी बाजू आहे.

गोधडी कुठली, हा प्रश्न वेगळा. इरकली लुगड्यात अंगाचे आणि पदराचे ताणे फासांनी एकमेकांत अडकवलेले असतात; तो सांधा सापडला तर कापड इरकली धाटणीचे ठरते, गोधडी कर्नाटकातल्या इलकल गावची ठरत नाही, कारण ही लुगडी महाराष्ट्रभर नेसली जात. शिवणाऱ्या हातांची ओळख मांडणीतून पटते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातील स्त्रिया आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांत घडी घातलेले त्रिकोणी तुकडे बसवतात; त्यांना त्या ‘फुला’ म्हणतात आणि त्यांच्याशिवाय कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत.

आमच्या गोधडीत पॉलिस्टर सापडले, पण केवळ एका काठावर, वीतभर लांबीत. तिथले टाके बाकीच्या टाक्यांपेक्षा लांब आहेत आणि त्या दोऱ्याखाली जुन्या सुती टाक्यांची छिद्रे अजून दिसतात. मावशीला विचारले तेव्हा तो काठ उंदराने कुरतडला होता आणि तो तिनेच शिवला, असे तिने सांगितले.