स्पाइक गार्ड होता, तरी टीव्ही कसा जळला?

डीपीवरचा न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटला आणि गल्लीतले चार-पाच टीव्ही गेले, की दुसऱ्या दिवशी हा प्रश्न हमखास कानावर येतो. उत्तर एवढंच, की ते स्पाइक गार्डच्या पट्टीचं कामच नव्हतं.

काही स्वस्त पट्ट्यांत तर लाल बटण आणि फ्यूज यापलीकडे काही नसतं. खऱ्या स्पाइक गार्डमध्ये मात्र शर्टाच्या बटणाएवढी एक चकती असते : मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, म्हणजे एमओव्ही. मला तिचं भारी कौतुक आहे. झिंक ऑक्साइडच्या पुडीत थोडं बिस्मथ ऑक्साइड वगैरे मिसळून, दाबून भट्टीत भाजलं की ती तयार होते. यातला प्रत्येक कण विजेचा बऱ्यापैकी वाहक, पण दोन कणांमधली सीमा वीज अडवून धरते. ही अडवणूक साधारण ३ व्होल्टपर्यंतच. त्यापुढे सीमा एकदम मोकळी होते आणि धारा धो धो वाहू लागते. एकामागे एक दीडशे सीमा आल्या की झाले साडेचारशे व्होल्ट. म्हणजे चकती कधी उघडणार (वीज वाहू देणार), हे तिची जाडी ठरवते! आपल्याकडच्या अनेक चकत्यांवर ४७१ छापलेलं असतं : ४७ पुढे एक शून्य, ४७० व्होल्ट. घरात २३० असताना इतके कशाला? कारण २३० ही परिणामी किंमत (आरएमएस), म्हणजे लाटेची एक प्रकारची सरासरी. लाटेचं शिखर ३२५ व्होल्टवर असतं, आणि पुरवठा थोडा चढला तरी चकतीने उगाच उघडू नये.

जवळपास वीज पडली की तारांमध्ये हजारो व्होल्टचा झटका उमटतो, पण तो टिकतो काही मायक्रोसेकंद. तेवढी ऊर्जा चकती उष्णतेच्या रूपात पचवते आणि पुन्हा बंद होते. अर्थात, प्रत्येक मोठ्या झटक्यागणिक ती थोडी झिजते.

न्यूट्रल तुटतो तेव्हा गोष्टच निराळी. वेगवेगळ्या फेजवरची, म्हणजे वेगवेगळ्या जिवंत तारांवरची, दोन घरं आता त्या तारांमधल्या ४०० व्होल्टच्या मध्ये एकसरीत (एकामागे एक) येतात. ज्या घरात गीझर चालू, त्याच्या वाट्याला थोडे व्होल्ट. जिथे नुसता टीव्ही, तिथे जवळजवळ सगळे ४००. त्याचं शिखर ५६५. चकती सेकंदाला शंभर वेळा उघडते, तापते, धूर सोडते आणि मरते. इथे हवा व्होल्ट वाढताच वीज तोडणारा ओव्हरव्होल्टेज कटऑफ, किंवा तो असलेला स्टॅबिलायझर. उलट स्टॅबिलायझरचा टकटक करणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) मायक्रोसेकंदाच्या झटक्यापुढे फारच संथ, म्हणून दोन्ही लागतात. (बिल निम्मं करते म्हणून विकली जाणारी ‘पॉवर सेव्हर’ डबी मात्र कशालाच लागत नाही. आत बहुधा एक कपॅसिटर असतो, आणि घरचा मीटर त्याला भीक घालत नाही.)

अमेरिकेहून आलेल्या वस्तूंचं आधी लेबल वाचावं. १००–२४० लिहिलेला चार्जर इथे खुशाल लावा. १२० व्होल्टचा हेअर ड्रायर थेट लावलात, तर तो पावणेचारपट वीज ओढू पाहील. त्याला तेवढ्या वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ (विजेच्या लाटेची सेकंदाला होणारी आवर्तनं) नाही. तिथल्या ६० हर्ट्झवर चालणारं जुनं मोटरवालं घड्याळ इथल्या ५० हर्ट्झवर तासाला १० मिनिटं मागे पडतं.