सूर धरायचा आणि लगेच सोडायचा

संगीतकार आर्नोल्ड शोनबर्गची ‘पिएरो ल्युनेर’ ही कवितांवरची रचना पहिल्यांदा ऐकताना वाटतं, बाई बेसूर गातेय. जरा वेळाने वाटतं, छे, ही तर बोलतेय. या मधल्या उच्चाराला जर्मनमध्ये ‘श्प्रेखगेझांग’ म्हणतात: बोलगाणं म्हणा हवं तर. आपला शाहीर पोवाडा गाता गाता गद्यावर येतो, पण गाणं कुठं थांबलं ते आपल्याला कळतं. इथे प्रत्येक अक्षर उंबरठ्यावरच.

संगीताच्या साथीने बोलण्याचा ‘मेलोड्रामा’ हा प्रकार जर्मन रंगभूमीवर जुनाच. त्यात नटाने शब्द कसे म्हणायचे, हे बहुतेक त्याच्यावरच सोडलेलं असे. संगीतकार एंगेलबर्ट हम्परडिंकने 1897 मध्ये म्युनिकला ‘क्योनिग्सकिंडर’ हा मेलोड्रामा आणला, तेव्हा बोलण्याची लय आणि चढउतारही स्वरलिपीत बांधले. स्वराच्या ठिपक्याऐवजी फुली. प्रयोग काही रुजला नाही; 1910 मध्ये न्यूयॉर्कला हीच कलाकृती सरळ गायची ऑपेरा होऊन आली.

फुली मात्र टिकली. 1912 मध्ये अल्बर्टिन झेमे या अभिनेत्रीने शोनबर्गकडे आल्बेर जिरो या कवीच्या ‘पिएरो ल्युनेर’ कवितांसाठी संगीत मागितलं. तिला साथीवर कविता म्हणायच्या होत्या, आणि ती गायिका नव्हे, नटी होती, हे विसरून चालणार नाही. शोनबर्गने जर्मन अनुवादातल्या 21 कविता घेतल्या. 16 ऑक्टोबरला बर्लिनमध्ये पहिला प्रयोग झाला: झेमे समोर, वादक पडद्याआड.

प्रस्तावनेत शोनबर्ग बजावतो: लय गाण्याइतकीच काटेकोर हवी. गाताना सूर लागला की तिथेच टिकतो. इथे तो लागताक्षणी सोडून वर किंवा खाली सरकायचं. पण हेल काढायचे नाहीत, आणि रोजच्यासारखं बोलायचंही नाही. वाचायला सोपं! ‘बसंत’ हा शब्द घ्या. ‘ब’ला षड्ज लावा आणि ‘संत’वर जाईपर्यंत तो घसरू द्या. दुसऱ्याच खेपेला गळा एकतर गायला लागतो, नाहीतर निव्वळ बोलायला.

संगीतकार आल्बान बर्गने 1925 च्या ‘वोत्सेक’ या ऑपेरात ही रीत वापरली आणि ती मोठ्या रंगमंचावर गेली. पण फुलीवरचा सूर नेमका किती पाळायचा, याचा निकाल काही लागेना. 1940 मध्ये शोनबर्गच्याच संचालनाखाली ‘पिएरो’चं ध्वनिमुद्रण झालं. त्यात कविता म्हणणारी एरिका श्टीड्री-वाग्नर कागदावरचे सूर बिनदिक्कत सोडते, आणि संगीतकाराने ते चालवून घेतलं. दोन वर्षांनी नेपोलियनवरच्या ‘ओड’ या रचनेत त्याने बोलणाऱ्यासाठी स्वरलिपीच्या नेहमीच्या पाच रेघा ठेवल्याच नाहीत. एकच रेघ, तिच्या वर-खाली स्वर.