दरवर्षीचा पावसाळा एका ओळीत

सत्तरी तालुक्यात रोयणीवर (वारुळावर) आळमी (रानटी अळंबी) कधी दिसली, तायकिळ्याची (टाकळ्याची) पहिली भाजी कधी शिजली, अशा नोंदी वर्षानुवर्षं ठेवणारी माणसं गोव्यात आहेत. त्या वहीऐवजी टिडलीविकीसारख्या खासगी विकीत, म्हणजे संगणकावरच्या स्वतःच्या नोंदसंग्रहात असतील, तर एक मोलाचा प्रश्न विचारता येतो: दर वर्षी १५ जून ते २० ऑगस्ट या काळात काय काय दिसलं?

जेरेमी रस्टन यांनी २००४ मध्ये आणलेली टिडलीविकी प्रत्येक नोंदीवर १७ अंकी वेळ उमटवते. आधी वर्ष, मग महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद आणि शेवटी सेकंदाचे हजारांश. १५ जून २०२४ ची नोंद २०२४०६१५ ने सुरू होते. प्रत्येक अंकाची जागा ठरलेली असल्यामुळे ती रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे चिन्हांत लिहिलेल्या शोधाच्या साच्याने (पॅटर्नने), पकडता येते.

मजकुरातले आकृतिबंध लिहिण्याची ही पद्धत गणितज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५१ मध्ये मांडली, तीही चेतापेशींच्या जाळ्यांच्या अभ्यासातून. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती संगणकावरच्या शोधासाठी वापरली. पण तिला संख्या कळत नाहीत, फक्त चिन्हं कळतात. [१५-२०] लिहिलं तर पंधरा ते वीस मिळत नाही. चौकोनी कंस एकाच अक्षरापुरता असतो. त्यात '५ पासून २ पर्यंत' असा उलटा क्रम दिसतो आणि पॅटर्न चुकीचा ठरतो.

म्हणून काळाचे तुकडे पाडायचे. जूनचे १५ ते १९ म्हणजे ०६१[५-९]. २० ते ३० साठी ०६[२३] एवढं पुरे, कारण पुढचा अंक कोणताही चालतो. जुलै अख्खा: ०७. ऑगस्टचे पहिले १९ दिवस ०८[०१] मध्ये येतात, विसावा वेगळा. उभी रेघ म्हणजे 'किंवा'. सगळं जोडलं की:

^२०२४(०६(१[५-९]|[२३])|०७|०८([०१]|२०))

सुरुवातीचं ^ फार महत्त्वाचं, त्याचा अर्थ 'अगदी सुरुवातीपासून जुळवा'. ते नसेल तर हेच अंक भलत्या जागी सापडू शकतात. इथे अंक देवनागरीत छापले आहेत. विकीत मात्र इंग्रजी अंक टाइप करावेत, नोंदीची वेळ त्याच अंकांत असते. शिवाय टिडलीविकीचा फिल्टर, म्हणजे नोंदी गाळून काढणारी सूचना, स्वतःच चौकोनी कंसांत लिहितात, त्यामुळे पॅटर्न आधी व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेल्या जागेत) ठेवून तिथून वापरावा.

एकाच वर्षासाठी एवढा खटाटोप मला पटत नाही. तारीख वर्षापासून सुरू होत असल्याने साधी 'याहून मोठी, त्याहून लहान' अशी तुलना पुरते. खरी गंमत पुढे आहे. २०२४ काढून तिथे चार टिंबं द्या:

^....(०६(१[५-९]|[२३])|०७|०८([०१]|२०))

टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर. आता सगळ्या वर्षांचे पावसाळे एकत्र समोर येतात. आळमी लवकर दिसू लागली की उशिरा, हे ताडायला ही ओळ अमूल्य आहे.

एक काळजी मात्र घ्यावीच लागते. टिडलीविकी वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवते आणि आपण साडेपाच तास पुढे आहोत. १५ जूनला पहाटे ५:१० ला रानात उभं राहून केलेली नोंद १४ जून, २३:४० अशी साठते आणि गाळणीतून निसटते. त्यातच पाहिल्याचा दिवस आणि लिहिल्याचा दिवस अनेकदा वेगळे असतात. तेव्हा निरीक्षणाच्या तारखेसाठी नोंदीत स्वतंत्र फील्ड (रकाना) ठेवावं, त्यात तारीख याच क्रमाने आठ अंकांत स्वतः लिहावी आणि पॅटर्न त्या फील्डवर चालवावा.