ऊब निघून जाते, नायट्रोजन मागे राहतो

जंगलात एखाद्या झाडाखालचा पाचोळा हाताने बाजूला सारून पाहा. वरची पानं कुरकुरीत, त्याखालची काळपट, नुसती शिरांची जाळी उरलेली. आणखी खाली गेलं की पान कुठे संपतं आणि माती कुठे सुरू होते, हे कळेनासं होतं. मधल्या थरात पांढरे बारीक धागे दिसतात, ती बुरशी. शाळेतल्या अन्नसाखळीत गवत, नाकतोडा, बेडूक, साप अशी ऐटीत रांग लागते आणि या बुरशीला कोपऱ्यात बसवलेलं असतं. मला हा अन्यायच वाटतो, कारण जंगलातली बहुतेक पानं हिरवी असताना कोणी खातच नाही. ती गळतात आणि बुरशी-जिवाणूंच्या वाट्याला येतात.

पानात साठलेली ऊर्जा हे जीव जगण्यासाठी खर्च करतात आणि अखेर तिची उष्णता होते. कंपोस्टच्या ढिगात हात घातला की ऊब लागते ना, ते मागच्या हंगामातलं ऊन! ही ऊब पुन्हा पानात भरता येत नाही. खाणाऱ्याकडून त्याला खाणाऱ्याकडे जातानाही असंच होतं, ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढे पोचतो. प्रत्यक्षात हा आकडा बराच वरखाली होतो.

नायट्रोजनचं तसं नाही. पान कुजलं की तो जमिनीत मोकळा होतो आणि तोच अणू मुळांवाटे पुन्हा नव्या पानात चढतो. हे चक्र बंदिस्त वाटतं खरं, पण ते कोण धरून ठेवतं?

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हबर्ड ब्रुकच्या जंगलात, याचा छडा लावायला एक दांडगा प्रयोग झाला. १९६५ च्या अखेरीस एका ओढ्याच्या पाणलोटातली सगळी झाडं तोडली. लाकूड बाहेर नेलं नाही, जिथल्या तिथे पडू दिलं. वर तीन उन्हाळे तणनाशक फवारून काही उगवू दिलं नाही. बाकी पाऊस तोच, माती तीच.

ओढ्याच्या पाण्यातलं नायट्रेट, म्हणजे नायट्रोजनचं पाण्यात विरघळणारं रूप, कित्येक पटींनी वाढलं, पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडून गेलं. जिवाणूंचं काम थांबलं नव्हतं, ते नायट्रेट बनवतच होते. ते उचलणारी मुळं मात्र उरली नव्हती. नायट्रेटवर ऋण भार असतो आणि मातीच्या कणांवरही बहुतांशी ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही, पाण्याबरोबर ते सरळ वाहून जातं. जाताना एकटंही जात नाही: नायट्रेट बनताना आम्ल तयार होतं आणि ते मातीला चिकटलेलं कॅल्शियम सुटं करतं. तेही ओढ्यात गेलं.

फवारणी थांबल्यावर उघड्या जमिनीवर रानचेरीसारखी झपाट्याने वाढणारी झाडं उगवली. काही वर्षांतच ओढ्यातलं नायट्रेट खाली आलं. पुढचं जंगल अजून पुरतं वाढलंही नव्हतं.