लीबिगची चूक आणि ६४१.५ क्रमांकाचं कपाट

‘मटण आधी मोठ्या आचेवर परतून घ्या, म्हणजे रस आत कोंडला जातो.’ पाककृतींच्या व्हिडिओंमध्ये हे इतक्या वेळा ऐकू येतं की ते खरंच असणार असं वाटू लागतं. ते खरं नाही. पण ही समजूत कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या डोक्यातून निघालेली नाही. तिचा जनक युस्टुस फॉन लीबिग, एकोणिसाव्या शतकातला जर्मनीचा अत्यंत नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ.

लीबिगनं १८४७ मध्ये मांसाच्या रसायनावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं : मांस उकळत्या पाण्यात टाकलं की पृष्ठभागाजवळचं अल्ब्युमिन हे प्रथिन गोठतं, त्याचं कवच बनतं आणि आतला रस आतच राहतो. त्याच वर्षी पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर झालं. नाव एवढं मोठं, की पाकपुस्तकांनी ही कल्पना लगेच उचलली. एलायझा ॲक्टन यांच्या गाजलेल्या इंग्रजी पाकपुस्तकाच्या १८५५ च्या आवृत्तीत तर शीर्षकपानावरच लीबिगच्या तत्त्वांचा हवाला आहे. पाण्यातल्या मांसाबद्दलचा हा तर्क पुढे तवा आणि भट्टीलाही लागू झाला.

तो तपासणं अवघड नव्हतं. भाजण्याआधी आणि नंतर मांस वजन करून बघायचं, एवढंच. १९३० च्या दशकात तसे प्रयोग झाले तेव्हा आधी मोठ्या आचेवर भाजलेल्या मांसातून रस कमी जात नाही असं दिसलं. त्याहून सोपा पुरावा तर कढईतच असतो. मांस परतताना जो चर्र आवाज येतो, तो बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होण्याचा आवाज आहे. कवच खरोखर बंद झालं असतं तर कढई गप्प झाली असती!

मग ही चूक इतकी वर्षं का टिकली? मला याचं उत्तर ग्रंथालयाच्या कपाटांमध्ये दिसतं. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीनं लावलेल्या कोणत्याही विद्यापीठीय ग्रंथालयात जा. रसायनशास्त्र ५४० मध्ये, अन्नतंत्रज्ञान ६६४ मध्ये आणि स्वयंपाक ६४१.५ मध्ये. तीन कपाटं, बहुतेक वेळा तीन वेगळे मजले आणि तीन वेगळे वाचक. ६४१.५ मध्ये काय करायचं ते लिहिलेलं असतं, ६६४ मध्ये ते का घडतं ते. आणि दोन्हीकडे जाणारा माणूस विरळा. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाकडे ब्लांश ली यांनी १९३९ मध्ये दिलेल्या संग्रहातून वाढत गेलेला जुन्या पाकपुस्तकांचा फार मोठा ठेवा आहे. असे संग्रह केवळ हौसेच्या वस्तू म्हणून बघितले जातात याचं मला वाईट वाटतं. एखादी चूक एका पुस्तकातून दुसऱ्यात कशी उतरत गेली, याची ती सगळ्यांत चांगली नोंद आहे.

कपाटांमधली ही भिंत पाडण्याचं मोठं श्रेय अमेरिकी लेखक हॅरल्ड मॅकगी यांना जातं. येल विद्यापीठात इंग्रजी कवी कीट्सच्या कवितेवर पीएच.डी. केलेला हा माणूस. १९८४ मध्ये त्यांचं ‘ऑन फूड अँड कुकिंग’ आलं आणि लीबिगचं कवच सामान्य वाचकांसमोर फुटलं. २००४ ची सुधारित आवृत्ती मिळाली तर तीच घ्या.

मटण परतू नका असं मात्र मी म्हणत नाही. जरूर परता, पण रसासाठी नव्हे, रंगासाठी आणि वासासाठी. कारण तिथं घडते ती मेयार अभिक्रिया, आणि माझ्या मते स्वयंपाकघरात तिच्याइतकं सुंदर रसायन दुसरं नाही.

लुई कामी मेयार या फ्रेंच वैज्ञानिकानं १९१२ मध्ये शर्करा आणि अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) एकत्र तापवून तपकिरी रंग मिळवला. त्याला कुतूहल पेशींमधल्या प्रथिनांचं होतं, स्वयंपाकाचं नाही. ग्लुकोजसारख्या शर्करेची साखळी उघडी असते तेव्हा तिच्या टोकाला कार्बन आणि ऑक्सिजनचा दुहेरी बंध असतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे कार्बन किंचित धनभारित होतो. अमिनो आम्लातल्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी असते. ती त्या कार्बनला जाऊन चिकटते, पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि ‘शिफ बेस’ तयार होतो. मग हायड्रोजनची अदलाबदल होऊन जरा स्थिर असं ‘अमाडोरी संयुग’ बनतं. इथून वाटा फुटतात. आम्लधर्मी माध्यमात एक वाट फुरफुरालसारख्या संयुगांकडे जाते. अल्कधर्मी माध्यमात दुसरी वाट डायकार्बोनिल संयुगांकडे, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचे असे दोन दुहेरी बंध असलेल्या संयुगांकडे. ही डायकार्बोनिल उरलेल्या अमिनो आम्लांवर तुटून पडतात, त्यांच्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि वासाचे अल्डिहाइड उरतात. यालाच स्ट्रेकर विघटन म्हणतात. मेथिओनिन या अमिनो आम्लापासून निघणाऱ्या अल्डिहाइडला उकडलेल्या बटाट्याचा वास असतो. उरलेले नायट्रोजनवाले तुकडे जोडले जाऊन पायराझिन बनतात, म्हणजे भाजलेल्या दाण्यांचा वास. शेवटी मोठमोठे तपकिरी रेणू तयार होतात, ती मेलॅनॉइडिन. हा सगळा आराखडा अमेरिकेत जॉन हॉज यांनी १९५३ मध्ये मांडला आणि तो आजही वापरात आहे.

यातून स्वयंपाकाचे नियम आपोआप निघतात. आम्लात नायट्रोजनची मोकळी जोडी हायड्रोजन अडवून धरतो, म्हणून कांदा लाल होण्याआधी टोमॅटो घातला की कांदा लाल होत नाही. चिमूटभर सोडा घातला तर उलट, भराभर रंग येतो (पण कांद्याचा लगदाही होतो). पृष्ठभाग ओला असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, कारण पाणी उकळीला आणायला लागते त्याच्या सहापटीहून जास्त उष्णता त्याची वाफ करायला लागते. म्हणून मटण टिपून कोरडं करा आणि थोडं थोडं परता. कढईत गर्दी केलीत तर ते परतलं जाणार नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजेल.

१०० अंशांनाही अभिक्रिया थांबत नाही, फक्त मंद चालते. बेळगावचा कुंदा किंवा साताऱ्याचा कंदी पेढा यांचा रंग दूध तासन्‌तास आटवून आणि खवा भाजून येतो. दुधातली लॅक्टोज ही शर्करा यासाठी तयारच असते, आणि केसिन या दुधातल्या प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाकडे एक जादा मोकळा नायट्रोजन असतो. आपली नेहमीची साखर मात्र फुटल्याशिवाय यात भाग घेत नाही, कारण तिची दोन्ही टोकं बंधात अडकलेली असतात.

हीच अभिक्रिया ३७ अंशांना तुमच्या रक्तातही चालू आहे. मधुमेहींची एचबीएवनसी चाचणी मोजते ते हिमोग्लोबिनला ग्लुकोज चिकटून झालेलं अमाडोरी संयुगच. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून तिच्यातून दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते.

‘केमिकलविरहित’ असं छापून दुप्पट भावानं पदार्थ विकणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. भाकरीच्या पापुद्र्यात शेकडो रसायनं असतात आणि तिची चव म्हणजे तीच रसायनं. ‘नैसर्गिक ते निर्धोक’ हेही तितकंच पोकळ आहे. २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की पिष्टमय पदार्थ जास्त तापवले की ॲक्रिलामाइड हे घातक असू शकणारं संयुग तयार होतं. ते कुणी वरून घातलेलं नसतं. बटाट्यातलंच ॲस्पॅरॅजिन हे अमिनो आम्ल आणि बटाट्यातलीच शर्करा यांच्या मेयार अभिक्रियेतून ते येतं. शीतगृहात ठेवलेल्या बटाट्यात पिष्टाची शर्करा होत जाते, त्यामुळे त्याचे वेफर्स तळताना लगेच काळपट पडतात. म्हणूनच सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनं वेफर्ससाठी कमी शर्करेचे ‘कुफरी चिपसोना’ वाण काढले. घरी वेफर्स करणार असाल तर शीतगृहातला बटाटा टाळा, काप धुऊन घ्या म्हणजे वरची शर्करा निघून जाईल, आणि सोनेरी रंग आला की लगेच झारा उचला.