'आजचा' आकडा दुपारीच शून्यावर का येतो?

वेबसाइटचं पान आज किती वेळा पाहिलं गेलं, तो आकडा मध्यरात्री शून्यावर यायला हवा. पण सकाळी बघावं तर कालच्यातच भर पडत चाललेली असते, नाहीतर भर दुपारी अचानक शून्य दिसतं.

१९९० च्या दशकात तक्रार वेगळी होती, काउंटर, म्हणजे भेटी मोजणारा आकडा, नको असताना शून्यावर जायचा. सीजीआय स्क्रिप्ट, म्हणजे पान मागितल्यावर सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम, एका साध्या फाइलमधला आकडा वाचायची, त्यात एक मिळवायची आणि परत लिहायची. फाइलला लॉक (एका वेळी एकानेच वापरायची सोय) नसेल आणि दोन वाचक एकाच क्षणी आले, तर एकाने लिहिण्यासाठी रिकामी केलेली फाइल दुसऱ्याच्या हाती लागायची. झालं, मोजणी पुन्हा एकपासून!

डेटाबेस आल्यावर ते मिटलं. एकूण आकडा आणि आजचा आकडा वेगवेगळे ठेवता येऊ लागले आणि 'आजचा' पुसायचं काम क्रॉनकडे, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामकडे आलं. क्रॉन त्याआधीचाच, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीतला. दर मिनिटाला जागं व्हायचं, यादी बघायची, वेळ झालेलं काम चालवायचं. लिनक्सवर रुळला तो पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेला क्रॉन.

स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक साइट असतात तिथे मात्र क्रॉन हाताशी असेलच असं नव्हतं. मग वाचकाच्या भेटीलाच घड्याळ केलं गेलं, कुणी पान उघडलं की वेळ झालेलं काम चालवायचं. साइट चालवायच्या सॉफ्टवेअरपैकी वर्डप्रेसने २००७ मध्ये २.१ आवृत्तीत ही सोय आणली, ड्रुपलने २०११ मध्ये सातव्या आवृत्तीत. युक्ती छान, पण रात्री कुणी फिरकलंच नाही तर काम सकाळच्या पहिल्या वाचकापर्यंत लटकतं. त्यात पेज कॅशे लावला, म्हणजे पानाची तयार प्रतच वाचकाला दिली, की भेट साइटच्या पीएचपी कोडपर्यंत पोचतच नाही.

ड्रुपल ७ मधली गंमत तर खास आहे. तिथलं स्टॅटिस्टिक्स मॉड्यूल, म्हणजे भेटी मोजणारा भाग, तारीख बदलली का हे बघतच नाही. मागच्या रिसेटला ८६,४०० सेकंद झाले का, एवढंच तपासतं. समजा काल रिसेट रात्री १२ वाजून ७ सेकंदांनी झाला आणि आज क्रॉन १२ वाजून ३ सेकंदांनी आला. चार सेकंद कमी पडले, रिसेट हुकला. क्रॉन रोज एकदाच चालत असेल, तर दोन दिवसांची बेरीज 'आज' म्हणून दिसते. तासातासाला चालत असेल, तर रिसेट एकला होतो, पुन्हा कधी हुकला की दोनला, आणि असं सरकत सरकत दुपार गाठतो. लॉगमध्ये एकही एरर नसते, कारण कोडने सांगितलं तेच केलेलं असतं. म्हणून अशा वेळी मी क्रॉनची यादी उघडण्याआधी मागच्या रिसेटची साठवलेली वेळ बघतो. ती युनिक्स टाइममध्ये, म्हणजे सेकंदांच्या मोजणीत आणि यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असते, हे मात्र ध्यानात ठेवावं लागतं.

काहींनी हे काम थेट मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इव्हेंटवर, म्हणजे डेटाबेसने स्वतःच ठरल्या वेळी चालवायच्या कामावर सोपवलं. तिथे आवृत्ती ८.० येईपर्यंत इव्हेंट चालवणारा शेड्युलर मुळात बंदच असायचा. इव्हेंट यादीत 'एनेबल्ड' दिसायचा, आणि चालायचा मात्र कधीच नाही.