गोळी टाळली, तर गुडघा आखडतो

‘गुडघा बदलल्यावर दुखण्याची गोळी घेऊ नका, किडनी जाते’ हा मेसेज नाशिकच्या आमच्या कॉलनीत वर्षानुवर्षं फिरतोय. भीती अगदीच निराधार नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनानेच महिनोन् महिने घेतल्या, तर किडनीला इजा होऊ शकते. पण पॅरासिटामॉल त्या गटातलं नाही (त्याचा अतिरेक यकृताला बाधतो, ते वेगळं), आणि ऑपरेशननंतरच्या गोळ्या डॉक्टर दिवस मोजूनच देतात. उलट दुखतं म्हणून पाय वाकवलाच नाही, तर सांधा आखडतो. पंचवटीतल्या आमच्या मावशी व्यायामाआधी अर्धा तास गोळी घ्यायच्या, नंतर पंच्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं. खात्री करायचीय? स्ट्रिपवरचं औषधाचं मूळ नाव वाचा, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का, हे त्यावरून कळतं) तपासा आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.